डाव्या खांद्यावरची बाराबोर

हे मी आजवर कोनाले सांगतलं नाई — बायकोले बी नाई. तुले सांगून राह्यलो.

एकाहत्तरच्या लढाईतून हिंगणीले परत आलो, अन् अख्खं गाव माया भोवती! चायच्या टपरीवर मी किस्सा सुरू केला की लोकायच्या हातातला चाय थंडा होये. अरे, किस्साच तसा होता! शत्रूचा खंदक इतका अरुंद, की वळनावर लांब रायफल फिरेच ना. तिथंच त्यायची आखूड दुनळी बाराबोर बंदूक पडली होती — आपल्या इकडं रानडुकरासाठी ठेवतात तशी. ते उचलली अन् घुसलो! वळनापल्याड, दोन हातांवर मानूस. धाड! धाड! छर्र्यानं माती उडे, कान बंद! आज बी सांगताना रक्त उसळते, गड्या — मजा येते. हो, मजा!

पन घुसला कोन?

गोविंदा. माया गावचा, माया पलटनीतला, डावखुरा. बंदूक डाव्या खांद्यावर, अन् पुढची दोन काडतुसं उजव्या हाताच्या बोटांत धरलेली. तो बंदूक भरे तवा मांगच्यानं पुढं होऊन त्याले सांभाळाचं, असं आमचं ठरलं होतं. मांगचा म्हंजे मी. माई रायफल भरेल होती. अन् मी कुठी होतो? पह्यल्या वळनापाशी, मातीत अर्धं तोंड खुपसून, नुसता पाहत! त्यानं हाक मारली, "अबे, ये ना!" काऊन नाई गेलो? भेलो. बस. बंदूक भरता भरताच त्याले गोळी लागली.

गावात मी त्याच्या जागी सोताले उभं केलं. एक दिवस टपरीवर असाच रंगात येऊन रिकाम्या हातानं बंदूक धरून दाखवत होतो, तं समोर त्याची माय, काशीकाकू.

"माया गोविंदा कुठी होता रे तवा?"

सगळे मायाकडं पाहत होते. मी म्हनलो, "मांगं होता, काकू."

ते माया हाताकडं पाहत राह्यली. मंग म्हने, "एकडाव अजून करून दाखव, बाप्पा."

हात उचलला अन् मले समजलं — मी उजव्या हाताचा मानूस, पन बंदूक धरली होती डाव्या खांद्यावर. जशी पाह्यली होती तशी. तिनं लेकाले वळखलं होतं.

तरी दाखवलं, डाव्याच खांद्यावर. मंग दर बाजाराच्या दिवशी काकू टपरीवर ये. पोरं म्हनत, काकूले किस्सा लय आवडते. माया तोंडाकडं तिनं कधी पाह्यलं नाई. ते मरेपर्यंत मी हात उचलत राह्यलो — पन "मांगं मी होतो, काकू" हे म्हनलो नाई.