भाऊजींचा एकच प्रश्न

आमचे भाऊजी कुणालाही ‘काय पाहिजे?’ असं विचारायचे नाहीत. “काल दिवसभर काय केलं, सांग,” म्हणायचे. ताईला पाहायला आले तेव्हाही हाच प्रश्न. ताईने भांडी घासण्यापासून सगळं सांगितलं आणि आमच्या आईने कपाळाला हात लावला.

आंधळगावच्या विणकराघरचा हा माणूस सत्तरच्या दशकात थेट व्हिएन्नाला पोचला. देशोदेशीच्या अणुइंधनाचा हिशेब तपासणाऱ्या निरीक्षकांसाठी तिथे संगणकाची व्यवस्था उभी राहत होती. निरीक्षकांना काय लागतं ते समजून घेऊन लिहून द्यायचं, हे भाऊजींचं काम. ते म्हणत, “मानसाले काय पायजे ते त्याले सांगता येत नाही. बाबाले इचारलं, मागावर तरास काय आहे, तं म्हने काई नाही. बाजूले बसलो तवा दिसलं, बुढा पाठ धरून उठते.”

त्या बाबांची एक रीत होती. विणताना एखादी जागा मनाला पटली नाही आणि दोष काय तेही सापडलं नाही, तर ते किनारीला लाल दोरा बांधत. गिऱ्हाईक नेमकं तिथेच थांबून पाहायचं. माल अडतो म्हणून घरचे चिडत, पण बाबा ऐकत नसत.

ऐंशीनंतरच्या एका उन्हाळ्यात भाऊजी सुटीवर आले ते जेवणावरून मन उडूनच. इंधनाचा कागदावरचा हिशेब आणि प्रत्यक्ष माप यांत थोडा फरक निघतोच. वरिष्ठांचं म्हणणं, त्याचं कारण भरल्याशिवाय संगणकाने निरीक्षकाला पुढे जाऊच देऊ नये. भाऊजींना तिथे ‘अजून समजलं नाही’ एवढं एक उत्तर हवं होतं.

“नाही तं तो कोनतंबी कारन टाकून मोकळा होईल,” ते मला म्हणाले. “अन् खरंच कोनी माल चोरून बॉम्ब बनवून राहिला असन, तं तोबी त्याच कारनात लपन.”

“मंग अडून बसा ना, भाऊजी,” मी म्हटलं.

पुढच्या वर्षी ते कायमचे परतले. त्या उत्तराशिवायच व्यवस्था चालू झाली होती आणि मंजुरीवर सही भाऊजींची होती. “सगळे म्हनत, उशीर होऊन राहिला. केली सही,” एवढंच त्यांनी ताईला सांगितलं. गावाने परतण्याची कारणं परस्पर शोधली: तब्येत, भांडण, तिकडची थंडी. त्यांनी एकही खोडून काढलं नाही. कुणाला काही विचारणंही सोडलं, आणि मला त्याचंच फार वाईट वाटायचं.

त्यांच्या शेवटच्या आजारात मी सानगडीहून, माझ्या शिक्षकीच्या गावाहून, आलो, उशाशी बसलो आणि न विचारताच कालचा दिवस सांगत सुटलो. शाळा, बाजार, तलावाची पाळ. वर्गातली एक हुशार पोरगी अचानक यायची बंद झाली, तेही सांगितलं.

“घरी काम असन तिले,” मी म्हटलं.

भाऊजींनी डोळे उघडले. “असन कायले म्हनतो? समजलं का तुले?”

“नाही समजलं.”

“मंग जाऊन पाह्यजो.”

त्याच आजारात ते गेले. त्यांची तेरवी आटोपून सानगडीला परतलो, तो घरी न जाता आधी त्या पोरीच्या दारात गेलो.