वहिनींची फुंकणी

माळा आवरताना वहिनींची लोखंडी फुंकणी हाती आली आणि राखेच्या वासासरशी अंधेरीचं आमचं जुनं अंगण आठवलं. स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली असतील. वहिनींच्या वारलेल्या वडिलांची मोटार अंगणात उभी असे. सुरू केली की इंजिनात टिकटिक होई आणि वेग वाढवला की तीही वाढे. "इंजिनच गेलंय, उद्या भंगारात देतो," दादा म्हणाला. वहिनी चुलीजवळची फुंकणी घेऊन आल्या. एक टोक कानाला लावून दुसरं चालू इंजिनावरून सावकाश फिरवू लागल्या. "काय डॉक्टरीणबाई, नाडी लागली का?" दादाने चिडवलं. वहिनी एका जागी थबकल्या. "भाऊजी, इथे ऐका. टिकटिक कुठली, वारा सुटतोय." मी कान लावला. खरंच, एका सैल प्लगाच्या बुडातून हवा निसटत होती. दादाने पान्याने प्लग आवळला आणि आवाज थांबला. "अहो, आता देताय भंगारात?" वहिनींनी विचारलं. दादा हसला. "बसा सगळे, आरे कॉलनीपर्यंत जाऊन येऊ." वहिनी फुंकणी मांडीवर घेऊन मागे बसल्या. त्यांच्या वडिलांच्या गाडीत पुढची जागा त्यांची होती, हे मला आज कळतं. तेव्हा तिथे मी बसलो होतो.