वाकळीचा राहिलेला कोपरा

सासूबाई, मी त्यांना आत्याबाई म्हणायचे, गेल्या त्याला वर्ष होत आलं, तेव्हा त्यांच्या लुगड्यांची वाकळ शिवायला घेतली. दोन इरकली लुगडी होती, एक हिरवं, एक जांभळं. नेसून नेसून विरलेली. जागोजागी धड कापड होतं, त्याचे मी हातभर लांब आणि हातभर रुंद असे तुकडे कापले. विरलेलं सगळं वाकळीच्या पोटात घालायचं आणि वरच्या बाजूला हे चांगले तुकडे. वाकळ माझ्या थोरल्या नणंदेसाठी होती. आईचं म्हणून तिनं घरातलं दुसरं काहीच मागितलं नव्हतं.

आमच्याकडं वाकळ कडेनं शिवत आत येतात. बाहेरची कड पहिली, मग तिच्या आतली ओळ, असं फिरत फिरत मधोमध येऊन दोरा संपवायचा. एकदा कड धरली की मग लहान-मोठं करता येत नाही, म्हणून माप आधी पक्कं लागतं. माझं पक्कं होतं, चार हात लांब, चार हात रुंद. चार चोक सोळा तुकडे जोडून झाले आणि गडमुडशिंगीहून नणंदेचा फोन आला.

"अगं, नवा पलंग घेतलाय आम्ही. मोठा हाय. लांबीला हातभर आन् रुंदीला हातभर वाढव की. हुतंय न्हवं?"

मला फोनवर बोलायला सुचत नाही. नणंदेचा आवाज असा की फोन कानापासून लांब धरला तरी ऐकू येतो. मी घाईघाईनं उरलेले चांगले तुकडे मनात मोजले. आठ होते. एका बाजूला चार, दुसऱ्या बाजूला चार. बरोबर बसतंय असं वाटलं.

"हुतंय वन्सं," म्हटलं.

"आन् वर सगळं आईचंच पायजे. दुसरं काय लावू नगंस. रविवारी येतो न्यायला."

दुसऱ्या दिवशी उजवीकडं चार तुकडे जोडले, खाली चार जोडले आणि जमिनीवर पसरून बघितलं. उजवीकडच्या खालच्या कोपऱ्यात फरशी दिसत होती. एका तुकड्याएवढी. मी कापड फिरवून बघितलं, ओढून बघितलं. कोपरा तसाच. विरलेल्या ढिगात हात घातला, तर जे उचलीन ते बोटांनीच फाटत होतं.

मालक जेवायला आले ते दारातूनच म्हणाले, "तुझ्या त्या जुन्या हिरव्या साडीचा लाव की तुकडा. कोण बघतंय?"

"वन्सं बघतील."

"तिला काय कळतंय? तिला शेजारची म्हस आन् आपली म्हस वळखू येत न्हाई."

ते हसले, मला हसू आलं नाही. नणंदेला कळो न कळो, ती थंडीत ते पांघरूण तोंडावर ओढून घेणार आणि आईचं म्हणून ओढणार. तिथं माझी साडी कशी लावू? आणि जमत नाही असं तिला सांगायला माझं तोंड उघडलं नसतं.

लेक नववीला आहे. ती भिंतीला टेकून बीजगणिताचा पेपर बघत बसली होती. कंसात ए अधिक बी, त्याचा वर्ग. तिनं उत्तर लिहिलं होतं ए वर्ग अधिक बी वर्ग, त्यावर बाईंची लाल काट. पाठ केलेलं ऐन वेळी आठवलं नाही म्हणून ती फुगून बसली होती. माझ्याकडं बघता बघता उठली आणि वाकळीभोवती फिरली.

"आई, हे माझंच गणित हाय की गं."

तिनं सोळा तुकड्यांच्या चौकोनावर हात ठेवला. "हा ए वर्ग. ए म्हणजे तुझे चार हात. वाढवला तो एक हात म्हणजे बी. ह्या दोन पट्ट्या, एकेक ए गुणिले बी. आणि हा फरशीचा कोपरा बी वर्ग." मग ती मोठ्यानं हसली. "मी पट्ट्या विसरले, तू कोपरा विसरलीस. दोघी नापास!"

मी चौथी शिकलेली. अक्षरांची बेरीज कशी करतात ते मला कधी कळलं नव्हतं. मी विचारलं, "आकडा सोडून बी कशाला लिहायचं?"

"किती ते अजून ठरलेलं नसतं म्हणून."

ते मला पटलं. मग मीच म्हटलं, "तर मग हे बी अजून ठरवू नको. हातभरापेक्षा थोडं कमी धरलं तर आठात कोपरा निघतो का बघ."

आमच्या हाताची चोवीस बोटं होतात. लेक पेपराच्या पाठीमागं लिहीत बसली. पट्ट्यांचे आठ बी, वर कोपऱ्याचा बी वर्ग, मिळून आठ तुकडे व्हायला पाहिजेत. आधी बावीस बोटं धरून बघितलं, ते आठाच्या वर जात होतं. एकवीस धरली तर आठाच्या आत येऊन थोडं उरत होतं.

"उरलेलं शिवणीत जाईल," मी म्हटलं.

मी पट्ट्या उसवल्या. आठही तुकड्यांची तीन-तीन बोटं कापून काढली. त्या आठ बारक्या पट्ट्या शेजारी शेजारी जोडल्या, हिरवी, जांभळी, हिरवी, जांभळी. जोडताना थोडं थोडं गेलं, तरी एकवीस बोटं भरली. कापलेल्या तुकड्यांच्या बाजू परत जोडल्या आणि हा चौकोन कोपऱ्यात ठेवून बघितला, तर बसला. मग वाकळीचं पोट भरलं आणि कड धरली.

रविवारी नणंद आली ती चप्पल काढता काढताच "आण बघू" म्हणाली. मी वाकळ पसरली. ती चारी बाजूंनी हात फिरवत गेली आणि कोपऱ्यावर थांबली.

"ह्यो असा चिंध्या-चिंध्यांचा का?"

मालक बोलायला लागले, त्यांच्या आधी मीच बोलले. "कापड कमी पडलं वन्सं. माझा हिशेब चुकला. दोन्हीकडनं तीन-तीन बोटं कमी हाय. पण वर सगळं आत्याबाईंचंच हाय. दुसरं काय लावलं न्हाई."

एवढं सलग मी तिच्याशी कधी बोलले नव्हते. तिनं माझ्याकडं बघितलं, मग कोपऱ्याकडं.

"तीन बोटं व्हय? ती मी घरात जाऊन मोजत बसू?" असं म्हणून भरदुपारी ती वाकळीवर आडवी झाली. पाय ताणले, डोळे मिटले. "पाय आत हायत," म्हणाली. मग कूस वळवून तो कोपरा गालाखाली घेतला आणि तशीच पडून राहिली. जरा वेळानं डोळे न उघडताच म्हणाली, "चहा हितंच आण."

मी चहा आणला. ती पडल्या पडल्या कप घ्यायला लागली, तेव्हा मी कप मागं घेतला.

"उठून बसा वन्सं. सांडंल."

ती उठून बसली.