राणीला नेलं ते वर्ष

आमच्या कंपनीला यंदा पंचवीस वर्षं झाली, म्हणून थोरल्यानं स्मरणिका काढायचं खूळ डोक्यात घेतलं. स्मरणिका कसली डोंबलाची! फ्लॅट बघायला येणाऱ्यांना वाटायचं गुळगुळीत पुस्तक. पण छापखान्यातल्या पोरीनं त्याला पटवलं, की दर वर्षाला एक पान द्या आणि पानाचे दोन रकाने करा. डावीकडं ‘जगात’, उजवीकडं ‘आपल्या कंपनीत’. म्हणजे जगात काय चाललं होतं तेव्हा आपण काय बांधत होतो, ते लोकांना कळेल. लोकांना काय घेणं पडलंय, मी म्हटलं. पण तो ऐकणाऱ्यातला नाही. बापावर गेलाय.

पहिलं पान मात्र झकास जमलं. आमचे हे पिशोरची जमीन भावाच्या हवाली करून शहरात आले आणि मुकुंदवाडीत दोन खोल्यांचं बांधकाम अंगावर घेतलं, तीच आमची कंपनी. त्याच वर्षी भुजचा भूकंप झाला होता. दोन खोल्या बांधणारा माणूससुद्धा रोज येऊन विचारायचा, “ठेकेदार, लोखंड बरोबर टाकलं ना?” ह्यांनी इतकं लोखंड टाकलं की त्या खोल्या तोफ लावली तरी पडायच्या नाहीत. सिमेंटच्या गोण्या उतरवून घ्यायला मी उभी असायची, धाकटा कडेवर. हे सगळं त्या पानावर आलं. वाचून हे चक्क हसले.

घोडं अडलं ते दोन हजार बावीसच्या पानावर. त्या वर्षी धाकटा गेला. आमच्याच कंपनीत तो साइट इंजिनिअर होता, पंचविशीही ओलांडली नव्हती. माझं म्हणणं एवढंच होतं, की उजव्या रकान्यात ते आलं पाहिजे. ज्या पोरानं कंपनीच्या कामावरून येताना जीव गमावला, तो कंपनीच्या पुस्तकात नको? थोरला म्हणाला, “आई, गिऱ्हाइकाच्या हातात जाणारं पुस्तक आहे. त्यात मयत कशी छापायची?” ह्यांना विचारलं, तर चष्मा पुसत बसले. चार वर्षं झाली, त्या विषयावर ह्यांचा चष्मा तेवढा पुसला जातो.

डावा रकाना मात्र मीच भरून दिला, न अडखळता. त्या वर्षी माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. साइटवर जाणं बंद, जिना बंद, दिवसभर मी आणि टीव्ही. फेब्रुवारीत युक्रेनमध्ये लढाई लागली. ती कुठं आणि आम्ही कुठं, पण महिन्याभरात लोखंडाचे भाव असे चढले की ह्यांनी दोन साइट बंद ठेवल्या आणि पुतिनला, म्हणजे त्याच्या सात पिढ्यांना, जेवताना शिव्या घातल्या. मग श्रीलंकेत लोक राष्ट्राध्यक्षाच्या वाड्यात शिरले आणि त्याच्या तलावात पोहले. आमच्याकडं नळाला आठ-आठ दिवस पाणी नाही, मला त्या तलावाचाच हेवा वाटला. आपल्या शहराचं नाव बदलायचा ठराव झाला, तेव्हा कंपनीचे कागद नव्या नावानं छापावेत का थांबावं, यावरून बाप-लेकांची जुंपली. धाकटा म्हणाला, “अप्पा, नाव कायपण ठेवा, गळतं छत गळणारच.” त्याचं बोलणं असंच असायचं.

सप्टेंबरात पिशोरला आमचं एक काम चालू होतं. गावच्याच माणसाची दुमजली इमारत, म्हणून ह्यांचा जीव त्यात जरा जास्त. स्लॅब भरून झाला होता. नव्या स्लॅबवर पाणी तुंबवून ठेवावं लागतं, एक दिवससुद्धा खाडा चालत नाही, नाहीतर तडे जातात. पित्रपाठाचे दिवस, अर्धे मजूर गावाला गेलेले. म्हणून धाकटा स्वतः मोटारसायकलवर पाणी मारायला जायचा. परत येताना दौलताबादच्या उतारावर ट्रकनं उडवलं. दवाखान्यात होता दोन-तीन दिवस. कधी डोळे उघडले नाहीत.

त्या दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत भिंतीवर टीव्ही होता. इंग्लंडची राणी वारली होती आणि तो गेला त्याच दिवशी तिची अंत्ययात्रा होती. ती मला अजून सगळी दिसते. पेटीवर मुकुट ठेवलेला, फुलं ठेवलेली. तोफेच्या गाड्यावर ती पेटी, आणि गाडा ओढायला घोडे नाहीत, माणसं. पांढरे पट्टे लावलेले खलाशी, दोर धरून, सगळ्यांचं पाऊल एकदम. मागं तिचा मुलगा, तोंड लाल झालेलं. शेवटी शेवटी तिचं घोडं उभं केलेलं दाखवलं, दोन कुत्री दाखवली. आत्ता विचारा, मी क्रमानं सांगते.

आणि माझ्या पोराची? काही नाही. एक गोष्ट आठवत नाही. घरी कधी आणलं, अंगावर काय होतं, कोण कोण आलं, मी बसले होते का उभी होते. कुणीतरी माझ्या हातातल्या बांगड्या मागं सारून मला पाणी पाजलं, एवढं आठवतं, पण ते त्या दिवशीचं की दहाव्याचं, देव जाणे. रडलेही नाही मी. बायका म्हणाल्या, धक्का बसलाय, येईल रडू. नाही आलं. टीव्ही लावून बसले. नोव्हेंबरात जगाची माणसं आठशे कोटी झाली, ते ऐकलं. डिसेंबरात फुटबॉलची फायनल पाहिली, शेवटच्या गोलापर्यंत. मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही.

तर मागच्या आठवड्यात थोरला ते पान घेऊन आला. डावा रकाना गच्च आणि उजवीकडं एकच ओळ: ‘पिशोर येथील इमारत वेळेत पूर्ण.’ माझं टाळकंच सरकलं. म्हटलं, “वेळेत पूर्ण? लाज नाय वाटत? भाऊ होता का कोण होता तुझा? दगड आहेस नुसता. एक टिपूस नाही काढलंस तू.”

एरवी तो उलट बोलतो. त्या दिवशी त्यानं ह्यांच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. खुर्ची ओढून माझ्यापुढं बसला.

“आई, तुला ते पुस्तकात कशाला पाहिजे, सांगू? तुला काही आठवत नाही म्हणून. अप्पांनाही आठवत नाही. कुठंतरी लिहिलेलं असावं, असं वाटतं तुम्हाला. मला लिहायची गरज नाही. माझ्याकडं सगळं आहे.”

“काय आहे?”

“त्याच्या अंगावर तुझी हिरवी शाल होती. तूच कपाटातून काढून दिलीस, आणि म्हणालीस, खाली लोळू देऊ नका, महागाची आहे. मसणातून परत येताना अप्पांनी गाडीत मला विचारलं, पिशोरच्या स्लॅबला आज पाणी मारलं का. मी म्हटलं, नाही. म्हणाले, मग जा. मी गेलो. अंधार पडेपर्यंत नळी धरून उभा होतो तिथं. तिथं रडलो मी. तुमच्यासमोर कुठं जागा होती?”

ह्यांनी चष्मा काढला, पण पुसला नाही. हातातच धरला.

मी म्हटलं, “आणि दवाखान्यात?”

“ते राहू दे.”

“सांग म्हणते ना.”

त्यानं पान गुडघ्यावर पसरलं. “डॉक्टर बाहेर आले. तुझ्यासमोर उभे राहिले, ‘मावशी’ म्हणाले. तू टीव्हीकडं बघत होतीस. त्यांच्याकडं न बघता तू हात वर केलास आणि म्हणालीस, थांबा हो जरा, तिला आत नेऊ द्या.”

“मग?”

“थांबले ते. हात बांधून उभे राहिले, आम्ही सगळेच उभे राहिलो. टीव्हीवर राणीला चर्चमध्ये आत नेलं. मग तू म्हणालीस, हां, सांगा आता.”

म्हणजे मला ठाऊक होतं. तो डॉक्टर काय सांगायला आलाय, ते मला टीव्हीकडं बघता बघता ठाऊक होतं, म्हणून तर थांबवलं त्याला. जेवढा वेळ ती चालली होती तेवढा वेळ माझं पोरगं होतं.

थोरल्यानं पेन काढलं. “लिहितो,” म्हणाला, आणि ‘वेळेत पूर्ण’वर काट मारून खाली लिहिलं: ‘धाकटा गेला.’ त्याचं अक्षर वाईट आहे, पण वाचता आलं मला. हे वाकून बघत होते. “आमचा लिही,” हे म्हणाले. “आमचा धाकटा गेला.” चार वर्षांत पहिल्यांदा.

त्यानं ‘आमचा’ लिहिलं. मी त्याला म्हटलं, डावीकडची राणीची ओळ काढून टाक. त्यानं काढली.