पऱ्हाटीची मोळी

घरात वांगी भाजायला घेतली, की ती घटना मला आजही आठवते. निवृत्त होऊन आता धुळ्यात राहतो. सौभाग्यवती गॅसवर जाळी ठेवून वांगी भाजतात. खरे सांगायचे तर त्या वासात काही राम नसतो, पण हे मी घरात बोलत नाही. आठवण यायला तेवढा वास पुरतो.

तेव्हा मी जळगावजवळच्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. थंडीचे दिवस होते. सकाळची हजेरी चालू असताना असोद्याचा एक केळी बागायतदार धावतपळत आला. त्याचे वडील आदल्या पहाटेपासून घरात नव्हते. वय सत्तरीच्या पुढे, हृदयाची शस्त्रक्रिया झालेली, एका डोळ्यात मोतीबिंदू. मोबाइल उशाखाली ठेवून गेलेले. दिवसभर सगळ्या नातेवाइकांकडे शोधून झाले होते. गाव त्यांना नाना म्हणायचे. मीही इथे तेवढेच म्हणतो, कारण कुणाचे खरे नाव मी या लिखाणात घेणार नाही.

आम्ही हरवल्याची नोंद घेतली. ठाण्याच्या भाषेत तिला 'मिसिंग' म्हणतात. अंगावरचे कपडे विचारले तर मुलगा म्हणाला, पांढरा पायजमा, पांढरा सदरा, पांढरी टोपी. या वर्णनाचे म्हातारे जळगावच्या बस स्टँडवर केव्हाही उभे राहा, पन्नास सापडतात. स्टेशनवरच्या कॅमेऱ्यांचे चित्रण मागवायला माणूस पाठवला, पण त्यातून फार काही निघेल असे मला वाटत नव्हते.

दुपारी ठाण्यात फोन आला. नानांच्या शेजारचा शेतकरी होता.

"साहेब, माझं नाव कुठं येऊ देऊ नका. काल पहाटे त्यांचा सालदार नानांना मोटरसायकलवर बसवून घेऊन गेला. येताना एकटाच आला. आणि परवा मळ्यात दोघांचं जोरात भांडण झालं होतं. शब्द कळले नाहीत, पण आवाज माझ्या बांधापर्यंत येत होता."

सालदार म्हणजे आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, साल ठरवून वर्षभर शेतावर राहणारा गडी. हा मूळचा पारोळ्याकडचा, पन्नाशीचा, अंगाने काटक. नानांकडे त्याची वीसेक सालं झाली होती. मालकाच्या मुलाने विचारले तेव्हा 'माले काही माहीत नही' म्हणून मोकळा झाला होता. आता गाडीवर नेल्याचे उघड झाल्यावर संशय त्याच्यावर जाणारच. मी त्याला चौकशीला बोलावून घेतले. तो यायच्या आधी गाव येऊन ठाण्यासमोर उभे राहिले.

माझ्या टेबलासमोर तो उभाच राहिला, बस म्हटले तरी बसेना.

"नाना कुठे आहेत?"

"नाना जित्ता शेतस, सायेब. आखो काही इचारू नका."

"सकाळी माहीत नाही म्हणालास."

"खोटं बोलनू. माफी करा. पन सांगाव नही. नानानी आन घालेल शे."

"अरे, तुझ्यावर खुनाचा आळ येतोय. कळतंय का?"

"येऊ द्या. शबद देयेल शे ना."

यापुढे तासभर विचारले, समजावले, आवाज चढवला. गडी हूं की चूं करीना. बाहेर त्याची बायको ठाण्याच्या पायरीवर बसली होती, लोक तिलाही काहीबाही बोलत होते. मुलगा माझ्या खोलीत येऊन म्हणाला, "साहेब, आत घेऊन दोन ठेवून द्या. पोपटासारखा बोलेल." मी त्याला सांगितले, मार खाल्लेला माणूस बोलतो हे खरे, पण तो मार थांबावा म्हणून बोलतो. तेवढ्यावर मी कुणाला फासाच्या दारात उभे करणार नाही. मुलाला ते पटले नाही. "उद्या सकाळपर्यंत वडील सापडले नाहीत तर मी रीतसर फिर्याद देतो," एवढे बोलून तो गेला. तशी फिर्याद आली असती तर मला सालदाराला अटक करावी लागली असती. पुढे नाना हसत घरी आले असते, तरी 'मालकाला गायब करणारा' हा शिक्का त्याच्या कपाळावरून गेला नसता. गावाची स्मरणशक्ती अशा बाबतीत फार दांडगी असते.

मुलगा वाईट नव्हता. वडिलांच्या काळजीने त्याचा जीव थाऱ्यावर नव्हता, आणि घाबरलेल्या माणसाला कुणीतरी गुन्हेगार हवाच असतो.

हवालदार आणि दोन पंच घेऊन मी मळ्यात गेलो. विहिरीत गळ टाकून झाला, पाटचाऱ्या पाहून झाल्या. केळीच्या बागेत रक्ताचा डाग नाही, झटापटीची खूण नाही. शेवटी सालदाराच्या खोपीमागे गेलो. तिथे पऱ्हाटीचा ढीग होता. कापूस वेचून झाल्यावर उरलेली वाळकी झाडे म्हणजे पऱ्हाटी. आमच्या खान्देशात भरिताची वांगी तिच्यावरच भाजतात, दुसऱ्या जाळावरचे भरीत आम्ही पाहुण्यासमोर ठेवत नाही. ढिगाजवळ ताज्या तोडीची टोके पडली होती. कुणीतरी पऱ्हाटीचे हातभर लांबीचे सारखे तुकडे करून ते सोबत नेले होते. बाजूच्या वाफ्यात भरिताची मोठी हिरवी वांगीही देठासकट नुकतीच कापलेली दिसत होती.

हवालदार म्हणाले, "साहेब, नाना भरीत पार्टीला गेले वाटतं."

पंच हसले. मीही हसलो, पण ते वाक्य डोक्यातून जाईना. वांगी बरोबर नेली हे समजू शकतो. पण पऱ्हाटी? जळगाव म्हणा, धरणगाव म्हणा, पार धुळ्यापर्यंत जा, बांधाबांधावर पऱ्हाटी फुकट पडलेली असते. तिची मोळी बांधून घराबाहेर कोण नेईल? ज्याला ठाऊक आहे की आपण जातो तिथे पऱ्हाटी मिळणार नाही, तोच. आणि जीव घ्यायला निघालेला माणूस वांगी निवडून कापत बसत नाही.

ठाण्यात परतलो आणि सालदारापुढे चहा ठेवला. या खेपेला तो बसला.

"मी काही विचारत नाही," मी म्हणालो. "मी सांगतो, तू ऐक. नाना गेलेत तिथं कापूस होत नाही."

त्याने कपबशी खाली ठेवली.

"सायेब, तुमले कोनी सांगं?"

"पऱ्हाटीनं."

पहिल्यांदाच तो हसला. दाढीचे खुंट वाढलेला तो चेहरा एकदम लहान मुलासारखा झाला. "मी नही सांगं बरं. तुम्हीच वळखं." मग आवाज उतरवून म्हणाला, "तठे निस्ती वाळू शे म्हने. कापूस कसाना व्हस!"

मी मुलाला आत बोलावले आणि विचारले, नानांना वाळवंटात जायचे काही कारण होते का. त्याचा चेहराच उतरला. तो खुर्चीवर बसला आणि म्हणाला, "माळढोक."

माळढोक हा रानातला मोठा पक्षी, उभा राहिला तर माणसाच्या कमरेपर्यंत येणारा. आपल्याकडून तो गेला, आता जैसलमेरकडच्या मरू राष्ट्रीय उद्यानात थोडे उरलेत. नानांनी टीव्हीवर ते उद्यान पाहिले आणि तेव्हापासून हट्ट धरला, की तिथल्या पायवाटांवर चालायचे, मनोऱ्यावर चढायचे आणि डोळ्यांनी तो पक्षी पाहायचा. मुलगा दरवर्षी म्हणायचा, "तुमच्या हृदयाला झेपणार नाही." शेवटी नानांनी घराला गुंगारा दिला. परवाचे भांडणही त्याचेच होते, हे आता सालदाराने सांगितले. सालदार म्हणत होता एकट्याला जाऊ देणार नाही, आणि नाना म्हणत होते तू आलास तर केळीला पाणी कोण धरील.

रात्रीच जैसलमेरच्या नियंत्रण कक्षाशी बोललो, वर्णन कळवले. मुलाला मी दोन दिवस थांबायला सांगितले. त्याने फिर्याद दिली नाही.

दुसऱ्या दिवशी तिकडच्या अंमलदाराचा फोन आला. हसू दाबत बोलत होता. उद्यानाच्या वनचौकीत एक मराठी आजोबा बसवून ठेवलेत. पायवाटेच्या कडेला जाळ केला म्हणून वनरक्षकाने पकडले. राष्ट्रीय उद्यानात काडी ओढायचीही बंदी. विचारपूस केली तर त्यांनी पिशवीतून वांगी काढून दाखवली. मग चौकीच्या आवारात, चुलीत, रीतसर भाजली. "साहेब," तो हिंदीत म्हणाला, "आमचे लोक अजून जेवतायत."

मिसिंगचा माणूस आणायला प्रभारी जात नसतो, एक पोलीस पाठवला तरी काम होते. पण मला त्या म्हाताऱ्याला पाहायचेच होते. रजा टाकली. मुलाला म्हणालो, "सालदारालाही घ्या. नाना तुमच्याबरोबर येणार नाहीत, त्याच्याबरोबर येतील." केळीच्या पाण्याचा प्रश्न आला तेव्हा ज्या शेजाऱ्याने फोन केला होता त्यालाच मी ते काम सांगितले. त्यानेही मुकाट्याने केले.

गाड्या बदलत जैसलमेर गाठेपर्यंत मुलगा सालदाराशी एक शब्द बोलला नाही. सालदार खिडकीशी बसून बाहेर पाहत होता.

वनचौकीवर नाना उन्हात बाजेवर बसले होते, डोक्यावर टोपीऐवजी मुलाची जुनी कानटोपी. आम्हाला पाहून घाबरले नाहीत. पहिला प्रश्न सालदाराला.

"तोंड उघडलं का रे?"

"नही नाना. सायेबनी वळखी लिधं."

मग मुलाकडे वळून म्हणाले, "मी काही पयालो नव्हतो. दोन दिवस झाले, तो पक्षी अजून दिसला नाही. दिसल्याशिवाय मी येत नाही. तुले जायचं तर जाय."

मुलगा काही बोलणार होता, मी त्याला डोळ्यांनीच थांबवले.

दुसऱ्या दिवशी तांबडे फुटताना वनरक्षकाबरोबर निघालो. मी उभ्या जन्मात सहलीला म्हणून फारसा गेलो नव्हतो. बंदोबस्त सोडून कुठे डोंगर पाहिला नव्हता, की देखावा पाहायला थांबलो नव्हतो. त्या सकाळी पहिल्यांदा काही न शोधता चाललो. पायाखाली थंडगार वाळू, दोन्हीकडे सेवण गवत, मधे एखादे खेजडीचे झाड. ती आपलीच शमी, हे कळल्यावर मला बरे वाटले. दूर चिंकारा उभे राहून आमच्याकडे पाहत होते. वाट टेकाडावर चढली तेव्हा मागे सूर्य वर आला आणि सगळी वाळू एकदम पिवळी झाली. नाना दर थोड्या अंतरावर थांबत, सालदार त्यांच्या पाठीशी हात धरून उभा राही. मुलगा मागून पाण्याची बाटली घेऊन येत होता.

मनोऱ्यावर बराच वेळ बसलो. नाना हळू आवाजात सांगत होते. "माह्या बापाच्या पडीत रानात यायचा तो. मी लहान व्हतो. मग ते रान मीच नांगरलं, केयी लावली. तो परत आला नाही." थोड्या वेळाने म्हणाले, "डोये जायाच्या आधी एकदा पाहू म्हटलं."

वनरक्षकाने हात वर केला. गवतात, बऱ्याच लांब, काहीतरी चालत होते. खरे सांगतो, मला ते गवतात ठेवलेल्या माठासारखे दिसले. पण नानांनी वनरक्षकाची दुर्बीण चांगल्या डोळ्याला लावली. "हाच," ते म्हणाले. "हाच तो. मान पाहा कशी ताठ." त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होते आणि ते पुसायला त्यांना वेळ नव्हता. मग त्यांनी दुर्बीण मुलाला दिली नाही, आधी सालदाराला दिली. मुलाचा नंबर शेवटी लागला. त्याने पाहिले, आणि बराच वेळ पाहतच राहिला. मलाही भरून आले होते, ते मी लपवले नाही.

उतरल्यावर सगळे खेजडीखाली बसलो. तिथल्या गवताची काटेरी बोंडे, आपल्या कुसळासारखीच, सालदाराच्या पायजम्याला गुडघ्यापर्यंत चिकटली होती, कारण नानांना नीट वाट मिळावी म्हणून तो स्वतः वाटेबाहेरून चालला होता. तो वाकून ती काढू लागला. तेवढ्यात मुलगा उठला, त्याच्या पायाशी बसला आणि एकेक बोंड ओढून काढू लागला. सालदार पाय मागे घेत म्हणाला, "ऱ्हाऊ द्या भाऊ, ऱ्हाऊ द्या." मुलगा मान खाली घालून काढतच राहिला. त्याची बोटे रक्ताळली होती.

नाना बाजूला बसून पाहत होते. म्हणाले, "काढू दे त्याले. त्यानंच टोचेल व्हते."

असोद्याला परतलो तेव्हा मुलाने सालदाराला मोटरसायकलवर मागे बसवून गावातून, पारावरून, सगळ्यांच्या देखत मळ्यात नेले. मला गाजावाजा आवडत नाही, पण तो मात्र हवा होता. नोंदीत मी 'सदर इसम सुखरूप मिळून आला' एवढे लिहून कागद बंद केला.

नोकरीत पुष्कळ गप्प माणसे माझ्यासमोर बसली. त्यातली बहुतेक स्वतःचे काहीतरी झाकत होती, हेही खरे. पण या माणसानंतर मी गप्प बसणाऱ्याकडे पाहताना आधी एक विचार करू लागलो, की हा कदाचित दुसऱ्याचा आनंद राखत बसला असेल. आणि माणूस हरवला की त्याने काय मागे ठेवले हे लिहून घेताना, तो बरोबर काय घेऊन गेला हेही विचारू लागलो. त्या प्रश्नाने मला पुढे दोन-तीनदा वाचवले.

नाना आता नाहीत. जायच्या आधी आणखी दोनदा ते वाळवंटात जाऊन आले, दोन्ही वेळा सालदाराबरोबर, आणि तिकिटे मुलाने काढली. सालदार अजून त्याच मळ्यात आहे. दर हिवाळ्यात त्याचा फोन येतो. "सायेब, वांगा धाडी ऱ्हायनू. पऱ्हाटी धाडू का?" धुळ्यात पऱ्हाटीला काय तोटा, पण मी नको म्हणत नाही. मोळी येते, हातभर लांबीची, सारखी तोडलेली. त्या दिवशी गॅस बंद असतो आणि वांगी मी अंगणात भाजतो.