खाण्यासाठी काढलेले आठ दिवस

सत्यशीलाबाई खंडारे ऑक्टोबर २००८ मध्ये मंगरूळपीरच्या जिल्हा परिषद शाळेतून निवृत्त झाल्या. निरोपाच्या कार्यक्रमात मुख्याध्यापकांनी विचारलं, "बाई, आता काय करणार?" लोक अशा वेळी नातवंडं, तीर्थयात्रा, वाचन असं काहीबाही सांगतात. बाई म्हणाल्या, "पुण्याला जाऊन हॉटेलात जेवणार." सगळे हसले. बाई हसल्या नाहीत, कारण त्या खरंच सांगत होत्या.

त्यांच्याकडे शंभर पानी एक वही होती. रविवारच्या पुरवणीत पुण्यातल्या खाण्याच्या जागांबद्दल जे जे छापून येई, ते चारपाच वर्षं त्या कापून वहीत चिकटवत आल्या होत्या. मुलगा प्रज्ञेश पुण्याला सॉफ्टवेअर कंपनीत लागला तेव्हापासूनचा हा नाद. निवृत्तीचा दिवस ठरल्यावर त्यांनी शेवटच्या पानांवर चक्क वेळापत्रक आखलं, शाळेचं आखतात तसं, पट्टी धरून. सोमवार सकाळ, कॅम्पातला इराणी, बनमस्का आणि ऑम्लेट. सोमवार दुपार, डेक्कनची थाळी. मंगळवारी मिसळ, बुधवारी स्टेशनजवळचा डोसा, गुरुवारी कोरेगाव पार्कातलं चायनीज. आणि रविवारी दुपारी कॅम्पातलंच एक जुनं नावाजलेलं हॉटेल, जिथं टेबलावर पांढरं कापड असतं आणि वाढणाऱ्याच्या अंगात कोट असतो. बसचे नंबर समासात लाल शाईनं.

काही ठिकाणी तर त्यांनी आधी फोन करून चौकशी केली.

"रविवारी चालू असतं का हो तुमचं?"

"कुठून बोलताय?" पलीकडच्या गृहस्थांनी विचारलं.

"मंगरूळपीरहून."

"मग निघा आता. पोचेपर्यंत उघडेल."

बाईंना राग आला नाही. पुण्याची माणसं अशीच बोलतात हे त्यांनी वाचलं होतं. त्यांनी वहीत त्या हॉटेलापुढे बरोबरची खूण केली.

नवरा तात्याराव तहसील कचेरीतून आधीच निवृत्त झालेला, शांत माणूस. ते म्हणाले, "तू म्हणशीन तिथं येतो मी. पण शुगर हाय मले, तेवढं पाहाय."

हा नाद कुठून लागला, ते बाई कुणाला सांगत नसत. त्या आठ वर्षांच्या असताना वडील कोंडीराम त्यांना घेऊन तालुक्याला जायचे. स्टँडवरच्या हॉटेलाबाहेर भिंतीत एक कोनाडा होता, त्यात दोन कप ठेवलेले असत. वडील कप काढायचे, मालक वरून चहा ओतायचा, पिऊन झालं की वडील स्वतः कप विसळून परत कोनाड्यात ठेवायचे. भज्यांचा पुडा मालक हातात देत नसे, टाकायचा. घरात तेव्हा बुद्धवंदना सुरू होऊन दोन वर्षं झाली होती, पण स्टँडवरचं हॉटेल तेच होतं. वडील म्हणायचे, "पोरी, शिक. खुर्चीवर बसून मागशीन एक दिवस." पोरगी शिकली, मास्तरीण झाली. पण पगार लागला तो धाकट्या भावांना, मग घराला, मग प्रज्ञेशच्या इंजिनिअरिंगला. मंगरूळपीरच्या हॉटेलात त्या बसल्या नव्हत्या असं नाही. पण चांगल्या हॉटेलात, कुणीतरी अदबीनं वाढतंय आणि आपण बसून खातोय, असं अठ्ठावन्न वर्षांत घडलं नव्हतं.

नोव्हेंबरच्या मध्यावर एका सोमवारी सकाळी दोघं पुण्याला उतरली. प्रज्ञेशचा फ्लॅट खराडीला, सातव्या मजल्यावर. दारावर पाटी होती, 'प्रज्ञेश – पायल'. आडनाव नव्हतं. नव्या पोरांची पद्धत असेल, असं बाईंना वाटलं.

सून पायल नागपूरची, तीही कंपनीत. तिनं पाया पडून लगेच आनंदाची बातमी दिली. "आई, मी स्वयंपाकाच्या मावशींना आठ दिवस सुट्टी दिली. तुम्ही येणार म्हटल्यावर प्रज्ञेश कुणाच्या हातचं खातोय!"

बाईंनी वही टेबलावर ठेवली होती, ती तशीच राहिली. सोमवारी प्रवासाचा शीण होता. मंगळवारी प्रज्ञेशला वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी हवी होती. बुधवारी बाईंनीच विषय काढला.

"आज डोसा खायला जायचं होतं."

"आई, बाहेरचं काय खायचं गं?" प्रज्ञेश लॅपटॉपमधून मान वर न करता म्हणाला. "आम्ही रोज बाहेरचंच खातो. वी आर सिक ऑफ इट. तुला माहीत नाही, ते हॉटेलात एकच तेल किती वेळा वापरतात ते. घरचं मिळतंय तर सोनं आहे."

बाई त्याच्याकडे पाहत राहिल्या. त्याला हॉटेलचा वीट आला होता. ते खरंच होतं, तो खोटं बोलत नव्हता. जे त्यांनी वहीत चिकटवून ठेवलं होतं, ते त्याच्या कचऱ्याच्या डब्यात रोज प्लॅस्टिकच्या डब्यांतून पडत होतं. बापाला जे मिळालं नाही ते लेकीला मिळेल असं कोंडीराम म्हणाले होते. ते लेकीला चुकवून थेट नातवाला मिळालं, आणि त्याला ते नकोसं झालं होतं.

गुरुवारी त्यानं गाडीतून दोघांना एका मॉलमध्ये नेलं. तिथं प्रत्येकानं आपापला ट्रे घेऊन रांगेत उभं राहायचं. बाई वीस मिनिटं नूडल्ससाठी उभ्या राहिल्या, मग ट्रे सांभाळत बसायला जागा शोधत फिरल्या. खाऊन झाल्यावर ट्रे स्वतःच नेऊन ठेवायचा होता.

"मजा आली ना?" प्रज्ञेशनं विचारलं.

"आली," बाई म्हणाल्या.

शुक्रवारी तो घरी आला तो गंभीर चेहऱ्यानं. कंपनीत अमेरिकेच्या मंदीचं वारं शिरलं होतं. शेजारच्या टीममधल्या चौघांना दुपारी बोलावून सांगितलं आणि संध्याकाळी त्यांची ओळखपत्रं काढून घेतली. "आई, उद्या माझे मॅनेजर आणि टीम जेवायला येतील. चौदा जण. त्यांना अस्सल वऱ्हाडी खायचंय, कधीचे म्हणतायत. प्लीज. अशा वेळी थोडं रिलेशन चांगलं असलेलं बरं असतं." मग थांबून म्हणाला, "फक्त व्हेज हं. सर नॉनव्हेज खात नाहीत. घरात वाससुद्धा नको."

"बरं," बाई म्हणाल्या. नोकरीचा प्रश्न होता. लेकराच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं.

शनिवारी सकाळी सहापासून बाई ओट्याशी उभ्या होत्या. पाटोडीचा रस्सा, सांबारवडी, गोळाभात, ताकाची कढी, पुरणपोळ्या. पायल मदतीला होती, पण तिला पोळी लाटता येत नव्हती. दुपारी पाहुण्यांसाठी अंथरायला चादर हवी म्हणून बाईंनी आतल्या खोलीतलं कपाट उघडलं. पायलच्या ड्रेसांच्या मागे चादरीत गुंडाळलेलं काहीतरी उभं होतं. चादर जरा सरकवली. बुद्धाची आणि बाबासाहेबांची एकत्र तसबीर. गृहप्रवेशाला बाईंनीच अकोल्याहून फ्रेम करून आणली होती, हॉलमध्ये त्यांच्याच हातांनी लावली होती. सोमवारपासून ती दिसली नव्हती, आणि इतक्या दिवसांत आपल्या ते लक्षात कसं आलं नाही, याचीच बाईंना आधी लाज वाटली.

पायल दारात येऊन उभी होती. "मी नको म्हणाले होते, आई," ती हळूच म्हणाली. "दोन वर्षं झाली. ऑफिसचं कुणी आलं तेव्हा काढली, ती परत लावलीच नाही."

बाईंनी चादर नीट केली आणि कपाट लावून टाकलं. गॅसवर रस्सा होता.

पाहुणे आठला आले. चांगली माणसं होती. कुणी नाव ठेवण्यासारखं वागलं नाही. पोरांनी पाटोडी तीनतीनदा मागून घेतली. "काकू, तुम्ही पुण्यात रेस्टॉरंट काढा, लाइन लागेल," एक जण म्हणाला. बाई गरम पोळ्यांचं ताट घेऊन आत-बाहेर करत होत्या. तात्याराव कोपऱ्यातल्या खुर्चीत हसून मान डोलावत होते.

मॅनेजरच्या पत्नी तोंडभरून कौतुक करत म्हणाल्या, "आमच्या एक आत्या अमरावतीला असायच्या, त्यांच्याकडे खाल्लं होतं असं. आडनाव काय हो तुमचं? प्रज्ञेश नावापुढे नुसतं पी. टी. लिहितो."

बाईंनी तोंड उघडलं होतं. त्याआधी प्रज्ञेश म्हणाला, "वाशीमकर."

"अच्छा, वाशीमकर! म्हणजे तुम्ही…"

"आई, सरांना पोळी," प्रज्ञेश म्हणाला.

बाईंनी सरांना पोळी वाढली. वर तूप घातलं. पस्तीस वर्षं रोज सकाळी त्यांनी हजेरी घेतली होती, एकेका पोराचं आडनाव खणखणीत उच्चारलं होतं. एखादं पोर आडनावाला लाजून खाली पाही, तेव्हा त्याला उभं करून पुन्हा मोठ्यानं म्हणायला लावलं होतं. आणि आज स्वतःच्या घरात त्या गप्प राहिल्या. तात्यारावांनी हसणं थांबवलं होतं.

रविवारी पोरं उशिरापर्यंत झोपली होती. बाईंनी आंघोळ केली, निरोपाला मिळालेली जांभळी साडी नेसली आणि पर्स घेतली. "येता का?" त्यांनी नवऱ्याला विचारलं. तात्याराव वर्तमानपत्र धरून बसले होते. "तू जाय," ते म्हणाले. "मले काही जेवण जात नाही आज."

खराडीहून बस, मग स्टेशनवरून रिक्षा. हॉटेलाच्या दाराशी गर्दी होती. एक माणूस हातात कागद घेऊन नावं लिहीत होता.

"किती जण?"

"एक."

त्यानं वर पाहिलं. "एकट्याच? वेळ लागेल हं. नाव?"

"सत्यशीला तात्याराव खंडारे."

"एवढं नाही मावत, बाई. आडनाव पुरे." त्यानं लिहिलं, खंडारे, एक.

पाऊण तास त्या फुटपाथवर उभ्या होत्या. मोटारीतून आलेली कुटुंबं, सेंटचे वास, फोनवर बोलणाऱ्या बायका. मग दार उघडलं आणि तो माणूस गर्दीवरून ओरडला, "खंडारे! खंडारे कोण आहे? लवकर या!"

"मी," बाई म्हणाल्या आणि पुढे झाल्या. लोकांनी वाट दिली. कुणी वळूनही पाहिलं नाही.

आत कोटवाल्या वाढप्यानं त्यांच्यासाठी खुर्ची मागे ओढली. बाईंना वाटलं, तो ती दुसऱ्या टेबलाला नेतोय, म्हणून त्या थांबल्या. "बसा, मॅडम," तो म्हणाला. मग बसल्या. मेनू इंग्रजीत होता. त्यांनी सावकाश वाचला आणि मटण मागवलं, सोबत रोटी. मटण खरोखर चांगलं होतं, हाडापासून सुटून येत होतं. ते वाईट असतं तर बाईंना बरं वाटलं असतं. वाढप्या दोनदा येऊन विचारून गेला, अजून काही, मॅडम? अदबीनं विचारत होता. त्या एकेक घास सावकाश चावत होत्या. त्यांनी ताटात काही ठेवलं नाही.

घरी आल्या तेव्हा प्रज्ञेश दारातच होता. "कुठे होतीस? फोन तरी करायचा! बाबा नुसते बसून आहेत, जेवले नाहीत."

"जेवायला गेले होते," बाई म्हणाल्या. "तिथं नाव विचारलं. सांगितलं मी, खंडारे. सगळ्यांसमोर पुकारलं त्यांनी. कुणी उठून गेलं नाही, प्रज्ञेश."

प्रज्ञेशनं दार लावलं. त्याचा आवाज खाली आला. "तिथं तू पैसे देऊन जेवलीस आणि घरी आलीस, आई. मला ऑफिसात त्याच माणसांत रोज बसायचंय. पहिल्या कंपनीत मी सांगितलं होतं आडनाव. मग लंचला बोलवणं बंद झालं. कोणी काही बोललं नाही, नुसतं बोलवणं बंद झालं. तुला ते कळणार नाही."

बाईंना ते चांगलंच कळत होतं. त्या आत गेल्या आणि तात्यारावांसाठी ज्वारीचं पीठ मळायला घेतलं.

सोमवारी संध्याकाळच्या गाडीनं दोघं परतली. स्टेशनवर प्रज्ञेशनं बॅगा चढवल्या, पाण्याची बाटली आणून दिली.

फेब्रुवारीत कंपनीनं टीममधल्या सहा जणांना काढलं, त्यात प्रज्ञेश होता. यादी मॅनेजरनंच केली होती. हे पायलनं फोनवर सांगितलं, त्यानं नाही. आडनाव ठाऊक असून काढलं की नसून, की आडनावाचा काही संबंधच नव्हता, हे कुणालाच कधी कळलं नाही. तात्याराव तीन दिवस म्हणत होते, "त्याले फोन कर तू." चौथ्या दिवशी बाईंनी केला. "इकडे ये थोडे दिवस," त्या म्हणाल्या. "बघतो," तो म्हणाला. आला नाही.

जूनमध्ये त्याला चेन्नईला नोकरी लागली. फ्लॅट भाड्यानं दिला. दर रविवारी त्याचा फोन येतो.

"जेवलीस?"

"जेवले. तू?"

"हो."

मग तो म्हणतो, बाबांना दे.