त्रिशंकू वर येईना

कुरवंड्याच्या पठारावर सुहासनं तंबूंचा कॅम्प टाकला, तेव्हापासून मे महिन्यात पाहुण्यांना दक्षिणेचं आभाळ दाखवायचं काम गावातल्या नथूआबांकडं होतं. अगस्त्य मावळतीला कधी कलतो, त्रिशंकू डोंगरावर कुठं उभा राहतो, त्याच्या डावीकडचे मित्र नि मित्रक कोणते, सगळं तोंडपाठ. फक्त डोळे राहिले नव्हते. काचबिंदूनं दोन्ही खाल्ले होते, आणि हे ठाऊक होतं एकट्या त्यांच्या बायकोला, शालूबाईला.

ती त्यांच्या मागं बसायची, सदऱ्याचं टोक धरून. डावीकडं ओढलं की म्हातारा डावीकडं वळायचा, सोडलं की हात वर करून बोलायला लागायचा. पाहुणे म्हणायचे, या वयातही काय जीव आहे एकमेकांवर! जीव कसला डोंबलाचा. उभ्या जन्मात त्या माणसानं तिला चारचौघांत धड बोलू दिलं नव्हतं. पण आभाळ दाखवण्यावरच त्याचा गावात मान होता, आणि तो जाऊ नये म्हणून ती सदरा धरत होती. वेडीच म्हणायची बाई.

त्या संध्याकाळी अमृता नावाच्या पाहुणीनं सहज विचारलं, "आजी, तुम्हालाही ओळखता येतात का तारे?"

शालूबाईनं तोंड उघडायच्या आत नथूआबा हसले. "तिला काय कळतंय? एक पोरगी झाली, ती बी जगवता आली न्हाई हिला."

पोरगी तापानं फणफणली होती, आणि लोणावळ्याला दवाखान्यात न्यायला नको म्हणणारा हाच होता. शालूबाईनं ते कधी कुणापाशी काढलं नव्हतं. आज त्यानंच काढलं, तेही परक्यांपुढं, हसत. तिला त्याचा गळा दाबावासा वाटला.

तिनं सदरा डावीकडं ओढला. आणखी ओढला. मग सोडला.

"ह्यो बगा त्रिशंकू," नथूआबांनी रुबाबात हात उचलला. "चार तारं, पतंगावानी. शहरात दिसायचं न्हाई असलं."

समोर मोबाईलच्या टॉवरचा लाल दिवा लुकलुकत होता. एकजण फिसकन हसला, मग सगळेच. सुहासनं पुढं येऊन आबांच्या डोळ्यांपुढं हात हलवला. पापणी लवली नाही.

"उद्यापासून घरीच बसा, आबा," तो म्हणाला.

शालूबाईनं त्यांना हाताला धरूनच घरी आणलं. अर्ध्या वाटेत ते म्हणाले, "मुद्दाम केलंस."

"व्हय."

त्यानंतर महिना सरेपर्यंत रोज जेवणं झाली की ते अंगणात बाजेवर बसायचे, तोंड दक्षिणेला करून. मग विचारायचेच, विचारायला दुसरं होतं कोण?

"अगं, त्रिशंकू आला का वर?"

डोंगराच्या डोक्यावर चारी तारे लखलखीत उभे असायचे. शालूबाई भांडी घासता घासता एकवार वर बघायची.

"न्हाई आला अजून," म्हणायची, आणि पुढचं भांडं ओढायची.